मुकादमाची झोप

आमच्या घरात रात्री दिवे कुणीही मालवले तरी दिवस संपला की नाही, हे मुकादम ठरवतो. मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. रंग तांबूस, वय सात, एक कान ताठ आणि दुसरा अर्ध्यात दुमडलेला. नवऱ्याने त्याला लग्नाआधी आणलं तेव्हा तो ओंजळभर पिल्लू होता. तरी वाटीतल्या दुधाला तोंड लावण्याआधी घरभर हिंडून सगळं जागच्या जागी आहे ना, हे बघून यायचा. तिथून हे नाव पडलं ते पडलंच.

त्याची रात्रीची फेरी मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा पाहिली. दहाच्या सुमाराला तो पोटभर पाणी पितो. मग दाराशी जाऊन चपला आणि बूट हुंगतो. कोण घरात आहे आणि कोण यायचंय, ते त्याला तिथेच कळतं. नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. कुठे लिफ्ट अडकली की त्याला अवेळी जावं लागतं. त्याचे बूट नसतील तर फेरी तिथेच थांबते. मुकादम दाराला पाठ लावून बसून राहतो, मग एक वाजो की तीन. बूट असले तर पुढे स्वयंपाकघर. शेगडीखाली नाक, सिंकखाली नाक, मग गॅलरीच्या दाराची फट. सगळं ठीक असलं की सतरंजीवर येऊन ती पुढच्या पायांनी उकरतो, तीन गिरक्या घेतो, अंगाचं मुटकुळं करतो आणि नाकातून एक लांब सुस्कारा सोडतो. पहिले काही दिवस मला हसू आवरायचं नाही. पुढे पुढे तो सुस्कारा ऐकल्याशिवाय मलाच झोप येईना.

मग छोटी झाली.

छोटी घरी आली त्या दिवसापासून झोपायच्या खोलीचं दार मी रात्री बंद करायला लागले. केस, धूळ, जंतू, त्याचं चुकून अंगावर पडणं, माझ्याकडे कारणांना तोटा नव्हता. पूर्वी मुकादम आमच्या पलंगाच्या पायथ्याशी झोपायचा, आता त्याची सतरंजी बाहेरच्या खोलीत गेली. पहिल्या रात्री तो बंद दाराकडे बराच वेळ बघत उभा राहिला. नवरा म्हणाला, "त्याला वाटतंय, तू चुकून लावलंस." सकाळी पाहिलं तर सतरंजी बाहेरच्या खोलीतून दारापर्यंत ओढत आणलेली आणि मुकादम तिच्यावर, नाक थेट दाराखालच्या फटीला लावून. भुंकला नाही, दार खरवडलं नाही. मला बरंच वाटलं. समजूतदार आहे, म्हटलं.

छोटी सात महिन्यांची झाली तरी रात्री दोन-तीनदा उठायची. सहा आठवड्यांनी माझी रजा संपणार होती. माझं काम सर्वेक्षणाच्या कचेरीत आकडे तपासण्याचं. झोपेच्या गुंगीत एक रकाना चुकला तर पुढचे शंभर चुकतात. डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून रडत बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी वही केली. किती वाजता उठली, किती वेळ रडली, पुन्हा कधी झोपली. चारच रात्रींत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. छोटी रडण्याआधी दाराबाहेर मुकादमाच्या नखांचा आवाज यायचा. टक, टक, टक. तो उठायचा, दारासमोर दोन-चार पावलं इकडेतिकडे करायचा, आणि तीन ते पाच मिनिटांत आत छोटी रडायची. मी त्याच्यासाठी वेगळा रकाना आखला. चौदा रात्रींपैकी बारा रात्री नखं आधी, रडणं नंतर.

मी वही नवऱ्यापुढे ठेवली. तो जेवत होता.

"हे काय?"

"तुझा मुकादम. हा तिला उठवतो."

त्याने बोटाने ओळी खाली खाली नेल्या. "अगं, पण आधी उठतो म्हणजे उठवतोच असं कुठंय? लिफ्टचा दिवा आधी लागतो, लिफ्ट मागून येते. दिव्याने लिफ्ट ओढून आणली, असं म्हणशील का?"

"तू ढाराढूर झोपतोस. तुला काय माहीत, रात्री काय होतं."

हे खरंच होतं. आणि मी संख्याशास्त्रात पदवी घेतलेली बाई. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असं नाही, हे वाक्य मी परीक्षेत तीनदा लिहून गुण मिळवलेले. पण ते दुसऱ्यांच्या आकड्यांना. स्वतःचं बाळ रडत असताना माणूस कुणावर तरी बोट ठेवायला टपलेलं असतं.

ठरलं असं की आठवडाभर मुकादम माझ्या नणंदेकडे राहील. ताई नवऱ्याहून मोठी, एकटी राहते, पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवते. आठवड्यात छोटी नीट झोपली, तर मुकादम तिकडेच कायमचा. नवरा "बघू" एवढंच म्हणाला आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. मुकादम जाताना माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. त्याला वाटलं, फिरायलाच निघालोय.

पहिल्या रात्री मी दार लावलं नाही, तशी गरजच नव्हती. सुस्कारा नाही, नखं नाहीत. एक वाजून पन्नास मिनिटांनी छोटी जोरात किंचाळली. मी धडपडत उठेपर्यंत ती लालबुंद झाली होती. तिला शांत करायला सव्वा तास लागला. दुसऱ्या रात्री तेच, आणि दोनदा. वहीत "रडण्याचा वेळ" या रकान्यात पूर्वी आठ-दहा मिनिटं असायची, आता पन्नास, सत्तर. मला वाटलं दात येत असतील, पोट दुखत असेल. नखांचा रकाना रिकामा होता, आणि तो रिकामा रकाना माझ्याकडे बघत होता.

तिसऱ्या रात्री मी झोपलेच नाही. पाळण्याजवळ खुर्ची घेऊन घड्याळ हातात धरून बसले. एक बेचाळीसला छोटीने ओठ मिटक्या मारल्यासारखे हलवले. आवाज म्हणाल तर ओल्या कागदावरून बोट फिरवल्याएवढा. मग एक पाय चादरीवर घासला. नाकातून बारीक फुरफुर. पुन्हा ओठ. मी हातभर अंतरावर होते, पंखा चालू होता, आणि मला श्वास रोखून ऐकावं लागत होतं. एक सेहेचाळीसला तिने तोंड उघडलं. रडण्याआधीच मी तिला उचललं आणि ती माझ्या खांद्यावर नुसती कुरकुरून पुन्हा पेंगली. नऊ मिनिटांत.

मी छोटीला धरून तशीच बसले. चार मिनिटं आधी. बंद दारापलीकडून, पंख्याच्या आवाजातून, मुकादमाला ते ओठ ऐकू येत होते. तो उठून मला उठवत होता. त्याच्या नखांनी माझी झोप चाळवायची, मी अर्धवट उठलेली असायचे, म्हणून छोटी दहा मिनिटांत गप्प व्हायची. एकदाही भुंकला नाही तो. भुंकला असता तर छोटी दचकली असती, हेही त्याने ठरवलं असावं. आणि मी त्याच्या कामाची नोंद त्याच्या गुन्ह्याची नोंद म्हणून केली होती, सुवाच्य अक्षरात.

सकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बूट घालत होता. "दिवा," एवढंच म्हणाला. जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर येऊ नये म्हणून नाडी बराच वेळ बांधत बसला.

मी ताईला फोन केला. "ताई, मुकादम कसाय?"

"झोपलाय."

"आत्ता? नऊ वाजले."

"आत्ता, काल, परवा. अगं आल्यापासून झोपतोच आहे तो. मशीनच्या टेबलाखाली चिंध्यांचा ढीग आहे ना, त्याच्यात शिरलाय. खायला उठतो, बाहेर जाऊन येतो की परत आत. पहिल्या दिवशी मी घाबरले, म्हटलं आजारी बिजारी आहे. नाक ओलं, पोट मऊ, काही नाही. कुशीवर पाय ताणून पडतो आणि स्वप्नात धावतो. मी धडधड मशीन चालवते त्याच्या डोक्यावर, ढिम्म हलत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्याकडे त्याला झोपू देत नव्हता का गं?"

मला कुणी तरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. सात महिने मी माझंच जागरण मोजत होते. माझ्यासोबत कुणी दुसरंही जागतंय, हे माझ्या गावी नव्हतं.

"ताई, आम्ही रविवारी त्याला न्यायला येतो."

"कशाला? राहू दे की. इथे सुखात आहे. त्याला परत कामाला जुंपायला नेतेस का?"

रविवारी आम्ही तिघं गेलो. ताईच्या खोलीत दोन बाजूंना पडद्यांचे गठ्ठे, मध्ये मशीन, आणि मशीनखाली रंगीत चिंध्यांतून बाहेर आलेले चार तांबूस पाय. मुकादमाला असं झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मुटकुळं नाही. ओठ एका बाजूला लोंबलेला, जिभेचं टोक बाहेर, पोट वरखाली. आम्ही आलेलं त्याला कळलंसुद्धा नाही. दारात चपला हुंगल्याशिवाय न झोपणारा तो.

"बघ," ताई हळूच म्हणाली. "आता सांग, कुठल्या तोंडाने उठवशील?"

"नाही उठवणार. थांबते."

"आणि घरी नेऊन काय? परत दार लावशील, परत हा फटीला नाक लावून जागेल."

"दार नाही लावणार. लांबून कान लावायला लागतो म्हणून तो दमतो, ताई. आत असला तर..."

"तर काय? आतून जागेल."

 ती म्हणत होती ते अगदीच चूक नव्हतं. मला तो हवा होता, पण हवा म्हणजे कशाला हवा, हे मलाच धड सांगता येत नव्हतं. एक फुकटचा पहारेकरी परत नेते आहे, असं वाटलं असतं तर ताईने देऊ नये हेच बरोबर होतं. नवरा मध्ये पडला नाही. तो गठ्ठ्यावर बसून एका पडद्याचं कापड चिमटीत धरून बघत होता, जणू त्याला पडदेच घ्यायचे होते.

छोटीला झोप आली होती. मी तिला कोपऱ्यात गादीवर ठेवलं आणि शेजारी बसले. ताईने पडद्याची दुमडलेली कड हाताने शिवायला घेतली. अर्धा तास गेला. मग छोटीने ओठ हलवले. मला आता तो आवाज ओळखू यायला लागला होता. मी हात तिच्या पोटावर ठेवला आणि हळूहळू थोपटायला लागले.

मशीनखाली ताठ कान वळला. मग डोळे उघडले. मुकादम चिंध्यांतून उठला, अंगाला चिकटलेली एक निळी पट्टी ओढत गादीपर्यंत आला. छोटीकडे पाहिलं. माझ्या हाताकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे, असं की मला मान खाली घालावीशी वाटली.

"माहीत आहे रे," मी म्हटलं. "मी जागी आहे."

त्याने माझ्या मनगटाला एकदा नाक लावलं. छोटीची फुरफुर थांबली होती. तो क्षणभर उभा राहिला, मग वळला, चिंध्यांत शिरला आणि कुशीवर पाय ताणून पुन्हा झोपला. लगेच घोरायलाही लागला.

ताईच्या हातातली सुई थांबली होती.

"बघितलंस?" नवरा म्हणाला.

"बघितलं. मला डोळे आहेत." ती उठली, खुंटीवरचा पट्टा काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "ने. पण रात्री त्याच्याबरोबर तू पण उठत जा. आणि ह्याला पण उठव," भावाकडे हनुवटीने दाखवत ती म्हणाली, "एक रात्र तू, एक रात्र हा. कुत्र्याने तरी किती ऐकायचं?"

"मी उठेन," नवरा म्हणाला.

"लिहून घे गं वहीत."

मग आम्ही त्याची झोप पूर्ण व्हायची वाट बघत बसलो. साडेचार झाले, पाच झाले. ताईने मशीनला हात लावला नाही, उद्या द्यायच्या चार खोळी तशाच पडल्या. साडेपाचला एक गिऱ्हाईक पडद्याचं माप घेऊन आलं आणि दारातूनच मोठ्याने बोलायला लागलं. ताईने त्याला ओठांवर बोट ठेवून बाहेर नेलं, आणि खिडकीची उंची किती, रुंदी किती, हे सगळं जिन्यात उभं राहून कुजबुजत लिहून घेतलं.