हरलेल्या बाजूचं म्हणणं

"मान वाकडी करू नका हो, कॉलर मोडते," बायको म्हणाली आणि मशीनवाल्यांनी मान आणखीच वाकडी केली. समोरच्या टेबलावर एक शिवणयंत्र पालथं पडलं होतं. त्याच्या पोटात साठलेला धाग्यांचा भुगा ब्रशने काढल्याशिवाय उठायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि बोटांना तेल, अशा अवस्थेत ते दुकानात बसले होते. दुपारी त्यांना नगरपरिषदेच्या सभागृहात हजर राहायचं होतं.

"आजच्या दिवस ते मशीन राहू द्या की. डाग पडला म्हणजे?"

"पडू दे. लोकांना दिसेल तरी, माणूस कामाचा आहे म्हणून."

"तीन निवडणुकांत तेच तर सांगत होतात. पटलं का कुणाला?"

यंत्राची मालकीण, कपडे शिवणारी मावशी, दारातल्या बाकावर बसून हे ऐकत होती. ती खुदकन हसली. "अहो वहिनी, आज कुठे निवडणूक आहे? आज नुसती नेमणूक. लोकांना विचारणारच नाहीत, म्हणजे आज हे नक्की निवडून येणार!"

मशीनवालेही हसले, पण ते हसू ओठांच्या कडेलाच अडकून राहिलं. मावशीने कापड कापावं तसं बरोबर रेघेवरून कापलं होतं.

प्रभागाच्या सदस्या, ज्यांना सगळा गाव 'सिस्टर' म्हणत असे, वारल्या आणि सभागृहातली त्यांची खुर्ची रिकामी झाली. मुदत संपायला अजून वर्ष होतं. आता त्या जागेचं करायचं काय, याचे तीन मार्ग नियमांत होते. एक, पोटनिवडणूक घ्यायची. दुसरा, उरलेल्या सदस्यांनी बहुमताने कुणाची तरी नेमणूक करायची. तिसरा, जागा तशीच रिकामी ठेवून मुदत संपायची वाट पाहायची. परिषदेचे अध्यक्ष औषधांचे दुकानदार होते आणि औषधाइतकंच मोजून बोलत. ते स्वतः चालत मशीनवाल्यांकडे आले होते. "दोन नंबरची मतं तुम्हाला होती. तुम्हालाच नेमावं, असं माझं मत आहे. सभेला या, संमती द्या, त्याच खुर्चीवर बसा." एवढं बोलून ते परत गेले आणि मशीनवाल्यांच्या डोळ्यांची झोप उडाली.

कारण ती खुर्ची त्यांना ऐन तारुण्यापासून हवी होती. त्या वेळी ते याच दुकानात काम शिकत होते. मागच्या गल्लीत पाण्याची जोडणी मिळत नव्हती, म्हणून गल्लीतल्या लोकांनी या बोलक्या पोराला पुढे करून सभागृहात पाठवलं. ते उठून बोलू लागले आणि तेव्हाच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत म्हटलं, "तुम्ही कोण? इथे फक्त सदस्य बोलतात." सगळं सभागृह हसलं. त्या हसण्याचा काटा आत कुठेतरी मोडून राहिला तो राहिलाच. पुढे दुकान स्वतःचं झालं, लग्न झालं, मुलगी शिकून परगावी नोकरीला गेली, हाताखालून गावातली बहुतेक सगळी शिवणयंत्रं गेली. पण आपला शब्द त्या खोलीत एकदा तरी ऐकला जावा, ही इच्छा काही गेली नाही. तीनदा ते उभे राहिले, तीनदा पडले. तिसऱ्यांदा त्यांना पाडलं ते दवाखान्यातल्या परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या सिस्टरांनी. त्या रात्री मशीनवाल्यांनी बायकोला सांगून टाकलं, "आता त्या पायऱ्या चढेन तर सदस्य म्हणूनच. प्रेक्षक म्हणून मी तिकडे फिरकणार नाही." आणि खरोखरच ते फिरकले नाहीत.

सिस्टर मात्र त्यांच्याकडे फिरकल्या. निकालाच्या पुढच्याच आठवड्यात त्या दुकानात आल्या, बाकावर पिशवी ठेवून टेकल्या आणि म्हणाल्या, "गुरुवारी सभा आहे. बाजारात स्वच्छतागृह बांधायचा विषय आहे. तुमचं काय म्हणणं?"

"जिंकलात तुम्ही आणि म्हणणं माझं कशाला? जखमेवर मीठ चोळायला आलात का, सिस्टर?"

"जन्मभर जखमा धुतल्या मी. मीठ चोळायचं असतं तर एवढं चालत आले नसते. बोला लवकर."

"बांधा की. पाण्याचा पत्ता नाही तिथे. उद्घाटनाला तुम्हीच पहिल्या आत जा, म्हणजे कळेल."

सिस्टर पोट धरून हसल्या, उठल्या आणि गेल्या. त्यानंतर प्रत्येक सभेच्या आधी त्या येत राहिल्या. मशीनवाले कधी चिडून, कधी टोमणा मारून, कधी नुसतं यंत्राच्या चाकाकडे बघत उत्तर देत. उत्तर न देता त्यांनी सिस्टरांना परत पाठवलं असं मात्र एकदाही झालं नाही. बोलायची खोडच होती ती. मग मागच्या गल्लीतल्या दिव्यांचं प्रकरण घडलं. मोठ्या रस्त्याला नवे दिवे लावायचं घाटत होतं तेव्हा मशीनवाले म्हणाले होते, "मोठ्या रस्त्यावर दुकानांचा उजेड आहेच. कपड्यांच्या कारखान्यातून बाया सुटतात त्या मागच्या गल्लीने. तिथे लावा, लावायचे तर." महिन्याभरात खरंच तिथे खांब उभे राहिले. गावाने सिस्टरांचे आभार मानले. मशीनवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते ऐकवत, "डोकं माझं, नाव त्यांचं. दिवसाढवळ्या चोरी!" हे सिस्टरांच्या कानावर जायचं ते गेलंच. पुढच्या खेपेला त्या एवढंच म्हणाल्या, "चोरीचा माल टिकाऊ निघाला हो तुमचा," आणि नव्या विषयाकडे वळल्या.

शेवटची खेप काठी टेकत झाली. चेहरा उतरला होता. मशीनवाल्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हटलं, "सिस्टर, सभा राहू द्या, तब्येतीचं बघा."

"तब्येत विषयपत्रिकेवर नाही," त्या म्हणाल्या. "बागेचं फाटक आहे. बोला."

नेमणुकीच्या दुपारी सभागृह मशीनवाल्यांना आठवत होतं त्यापेक्षा लहान निघालं. लांब टेबल, त्याभोवती खुर्च्या, मागे भिंतीला लागून लोकांसाठी लाकडी बाक. बायको आणि ते बाकावर बसले. टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही नजर तिथेच जात होती.

अध्यक्षांनी तिन्ही मार्ग वाचून दाखवले. जागा रिकामी ठेवावी, असं एकदोघांनी सुचवून पाहिलं. पण वर्षभर अख्ख्या प्रभागाला तोंड नसणं बरं नव्हे, असा सूर निघाला आणि ते गप्प झाले. मग अध्यक्षांनी मशीनवाल्यांचं नाव पुढे केलं.

बेकरीवाले सदस्य अंगाने जाड आणि आवाजाने त्याहून जाड होते. ते खुर्चीत रेलून म्हणाले, "माझी हरकत नाही. नाहीतरी इतकी वर्षं मशीनवाल्यांचं म्हणणं आपण ऐकतोच आहोत. आता मूळ आवाजात ऐकू, एवढंच."

टेबलाभोवती हशा पिकला. मशीनवाल्यांच्या कानशिलावर जुनाच चटका बसला. ते उठून उभे राहिले. "थट्टा करायला बोलावलंत का मला? माझं म्हणणं या खोलीत कुणी आणि कधी ऐकलं?"

हसू थांबलं. बेकरीवाले गोंधळून अध्यक्षांकडे बघू लागले. "म्हणजे? यांना ठाऊक नाही?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वकीलबाई बसल्या होत्या, सदस्यांत वयाने सगळ्यात लहान. त्या सावकाश म्हणाल्या, "काका, सिस्टर प्रत्येक विषयावर दोनदा बोलायच्या. आधी म्हणायच्या, 'आमच्या प्रभागात ज्यांनी मला मत दिलं नाही त्यांच्या वतीने मशीनवाल्यांचं म्हणणं असं आहे.' ते पूर्ण सांगायच्या. मग म्हणायच्या, 'आता माझं.'"

"सुरुवातीला मी वैतागायचो," अध्यक्ष म्हणाले. "एका माणसाने दोन मतं मांडायची म्हणजे वेळ दुप्पट. मी तसं बोललोही. तर म्हणाल्या, 'प्रभाग माझ्या एकटीच्या मतदारांचा आहे का?'"

"आणि सांगायच्या कशा!" बेकरीवाल्यांना आता चेव आला. "स्वच्छतागृहाच्या वेळी म्हणाल्या, 'मशीनवाल्यांचं म्हणणं, आधी पाण्याची टाकी, मग भिंती.' मी विचारलं, असंच म्हणाले का ते? तर म्हणाल्या, 'शब्द जरा तिखट होते, मी धुऊन आणलेत.'"

बायकोने पदर तोंडाला लावला. मशीनवाले उभेच होते. "आणि... ते दिवे? मागच्या गल्लीतले?"

वकीलबाईंनी उत्तर दिलं. "ते तुमच्याच नावावर मंजूर झाले, काका. सिस्टरांना स्वतःला मोठ्या रस्त्यावर हवे होते. त्यांनी तुमचं म्हणणं इतकं नीट मांडलं की आम्ही सगळे तुमच्या बाजूने गेलो. सिस्टरांनी विरोधात मत दिलं. हरल्या. बाहेर पडताना मात्र खुशीत होत्या."

"मग मला एका शब्दाने सांगितलं नाही ते?"

"मी विचारलं होतं त्यांना. म्हणाल्या, 'सांगितलं तर तो गृहस्थ तोलूनमापून बोलायला लागेल. मला त्याचं खरं म्हणणं हवंय.'"

मशीनवाले खाली बसले. इतकी वर्षं ज्या खोलीत आपला शब्द शिरावा म्हणून ते झुरत होते, तिथे तो दर महिन्याला येऊन बसत होता. तो घेऊन येणारी बाई काठी टेकत चढत होती त्या पायऱ्या, आणि आपण दुकानात बसून तिला चोर म्हणत होतो. लाज वाटली, नाही असं नाही. पण लाजेच्याही खालून, जमिनीत पाणी लागावं तसं, काहीतरी गार आणि भरभरून वर येत होतं. जन्मभराचा तो काटा कधी निघाला, ते त्यांना कळलंही नव्हतं. कुणीतरी न दुखवता काढून टाकला होता. सवयीचा हात होता तो.

"तर मग," अध्यक्षांनी घसा साफ केला, "तुमची संमती आहे ना? म्हणजे ठराव मांडतो."

मशीनवाल्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. हात पुढे केला की मिळणार होती. बायको त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत नेहमीची थट्टा नव्हती.

ते पुन्हा उठले. "अध्यक्षसाहेब, मला बोलता येईल का? सदस्य नाही मी."

"बोला, बोला. तुमच्याविषयीच तर चाललंय."

"आमच्या प्रभागात जास्त लोकांनी सिस्टरांना मत दिलं, मला नाही. त्या असताना हरलेल्यांना कुणीतरी विचारत होतं. आता तुम्ही मला नेमलंत, तर जिंकलेल्यांनाच कुणी विचारलं नाही, असं होईल." मग ते ठामपणे म्हणाले, "नेमणूक नको. निवडणूक घ्या. मी उभा राहीन, रीतसर."

बेकरीवाले कळवळून म्हणाले, "अहो, सिस्टरांची भाची उभी राहणार म्हणतात. शाळेत शिकवते, पोरंटोरं आणि त्यांच्या आया, सगळ्या तिच्या बाजूला. हातातलं सोडून पळत्यापाठी कशाला लागता? हराल हो तुम्ही!"

"हरेनही. हरण्यात माझा हात धरणारा या गावात कुणी नाही."

या वेळीही सभागृह हसलं, पण त्या हसण्यात मशीनवालेही सामील होते.

"एक राहिलं," ते म्हणाले आणि शब्द शोधू लागले. "सिस्टरांचे आभार मानायचे होते. कुठे मानायचे ते कळत नाही, म्हणून इथेच मानतो. माझं म्हणणं त्यांनी आणलं. धुऊन आणलं."

वकीलबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. अध्यक्षांनी समोरचा नेमणुकीचा कागद उलटा करून ठेवला.

"ठीक आहे. पोटनिवडणूक घ्यावी, या मताच्या सदस्यांनी उभं राहावं."

बेकरीवाले टेबलाचा आधार घेत, कण्हत, सगळ्यांत आधी उठले. त्यांच्यामागून वकीलबाई. मग एकेक खुर्ची मागे सरकत गेली. शेवटी अध्यक्ष स्वतः उठले. लेखनिक हातातल्या पेनाचं टोक एकेका सदस्याकडे रोखत मोजत चालला होता. टेबलाच्या कडेला पेन थांबलं, कारण त्यापुढच्यांना मत नव्हतं. तिथे, भिंतीलगतच्या बाकापुढे, मशीनवाले उभे होते. ताठ, शर्टाच्या बाहीवर तेलाचा एक लहानसा डाग घेऊन. त्यांच्या शेजारी बायकोही उठून उभी राहिली.