शिलाई मशीनवरची दुर्बीण

माझ्या शिलाई मशीनचा लोखंडी सांगाडा गेला, तो सासऱ्यांच्या चंद्रापायी.

बाबांनी जन्मभर कारखान्यात धातू कातायचा लेथ चालवला आणि निवृत्त झाल्यावर हौसेने दुर्बीण घेतली. आता त्यांचा हात थरथरतो. दुर्बिणीची तिपाई हलकी, बोट लागलं की चंद्र नाचायला लागायचा. परवा वैतागून म्हणाले, "शाळेला देऊन टाकू. त्यांच्याकडे चांगला स्टँड आहे. मास्तर रविवारी येऊन नेतील." त्यानंतर तोंडातून शब्द नाही. घर डोक्यावर घेणारा माणूस असा गप्प बसला की घास उतरत नाही. मला तर रडूच यायला लागलं.

हे म्हणाले, "दुर्बीण जाण्याआधी एकदा तरी त्यांना चंद्र नीट दिसू दे. तुझ्या मशीनचा सांगाडा दे. जड आहे, हलणार नाही, बसून बघता येईल."

"आणि मी शिवू कशावर?"

"मोटर लावून देतो."

मोटर हे लग्नापासून लावून देतायत. तरी दिला सांगाडा.

दुर्बीण त्यावर बसवायची तर मध्ये जोड हवा: नळीभोवती घट्ट बसणारी अ‍ॅल्युमिनियमची रिंग आणि खाली सांगाड्याला आवळायचा, वरखाली वळणारा पाय. शनिवारी दुपारभर मागच्या खोलीत बाबांचाच जुना लेथ घरघरत होता. धातूचा कीस माझ्या वाळत घातलेल्या चादरीपर्यंत उडाला. संध्याकाळी रिंग उतरली ती चटका बसेल इतकी गरम. ह्यांनी फडक्यात धरून तशीच नळीवर सरकवली. सुरेख बसली. गार झाल्यावर मात्र अशी आवळली, की निघता निघेना.

रात्री ह्यांनी दुर्बीण सांगाड्यावर चढवून गॅलरीत मांडली. बाबांनी येऊन ती रिंग ओढून पाहिली. "अरे गाढवा! गरम असताना माप धरायचं नाही, हे कानीकपाळी ओरडून शिकवलं होतं ना? गार झाली की आकसते. आता ही जन्मात निघायची नाही!"

"चुकलं, बाबा."

"शाळेच्या स्टँडवर बसणार कशी ही?"

"नाही बसणार. कापायला गेलो तर नळीच चेपेल."

चहासुद्धा गार केल्याशिवाय तोंडाला न लावणारा हा माणूस. तो गरम धातूवर माप धरेल? मी ह्यांच्याकडे पाहिलं. कान लालबुंद. खोटं बोलताना होतात तसे. बाबाही त्या कानांकडेच बघत होते. लहानपणी त्यांनीच ते पिळले होते.

मग बाबा माझी खुर्ची ओढून सांगाड्यासमोर बसले, पाय मशीनच्या पॅडलवर टेकवले आणि डोळा लावला. हात थरथरतच होता, पण नळी जागची हलली नाही. बराच वेळ ते हलले नाहीत.

मग खच्चून ओरडले, "सूनबाई, गॅलरीतला दिवा घालव! आणि मास्तरांना फोन कर. म्हणावं, येऊ नका, दुर्बीण अडकली आहे."