पाठ टेकवा

"कमावलेलं कमिशन ही कामगाराची मालमत्ता आहे. ती जगातला कोणताही मालक हिरावून घेऊ शकत नाही!" वकीलताईंनी धाकट्या भावाला ठणकावलं. त्यांच्या ऑफिसचं भाडं थकल्यामुळे हे ऐतिहासिक विधान भावाच्याच स्वयंपाकघरात, मिक्सर थांबण्याची वाट बघून करावं लागलं.

भाऊ गाद्यांच्या दुकानात विक्रेता. एका वसतिगृहाला त्याने दोनशे गाद्या खपवल्या, पैसेही दुकानात जमा झाले. त्या कमिशनमध्ये आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं बसत होतं. मग मालकांनी नवं धोरण लावलं: कमिशन निम्मं, आणि तेही मागच्या ऑर्डरींपासून.

"जुनी ऑर्डर, जुना दर. याच्यापुढे एक शब्द बोलू नकोस," ताई म्हणाली. "आणि कशावरही सही करायची नाही."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"आई, सांग गं याला."

"माझा गुडघा दुखतोय, तोंड तुम्हीच चालवा," आई म्हणाली.

दुकानात त्याची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाशी दराची बोलणी उभ्याने करायचीच नाहीत. आधी त्याला गादीवर आडवं करायचं. पाठ टेकली की ताठा उतरतो, आणि छताकडे बघत कुणाला भांडता येत नाही. मालकांना हे त्यानेच शिकवलं होतं.

"जुनी ऑर्डर, जुना दर!" दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या दारातूनच गरजला.

"अगदी बरोबर," मालक म्हणाले. "पण केवढे दमलाय तुम्ही! ही नवी गादी आलीय, जरा पाठ टेकवा. मग भांडू."

"मला नका शिकवू."

"छे हो, गुरू तुम्ही! फक्त मत हवंय."

मत विचारलं की विक्रेता विरघळतो. तो टेकला. गादी, मेली, खरंच उत्तम होती.

"कायदा तुमच्याच बाजूचा," मालक त्याची उशी सारखी करत म्हणाले. "जिंकालही. पाच-सहा वर्षांत. आईंचा गुडघा थांबेल ना तोवर?"

छत फार लांब होतं.

"निम्मे आत्ता, रोख. बाकी काही येणं नाही, एवढं लिहून द्यायचं."

आडव्याने सही करताना कागदाखाली उशी द्यायची, ही युक्तीही त्याचीच. मालकांनी दिली.

गुडघ्याचं निम्मं ऑपरेशन कुठे करून मिळतं, याचा विचार करत तो तसाच पडून राहिला. दारात एक जोडपं आलं. मालक त्याच्या कानाशी वाकले.

"उठता का जरा? गिऱ्हाईक आलंय. आडवं तुम्हीच करा, मला अजून तितकंसं जमत नाही."