गोलपोस्टचं तोरण

पोळ्याला शाळा बंद, म्हणून त्याच दुपारी मी रग्बीची मॅच ठेवली. स्टेडियमच्या मैदानावर पोचलो, तर तिथे बैल. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, आणि सगळे रांगेत रग्बीच्या गोलपोस्टपुढे. दोन उंच खांबांमधल्या आडव्या दांडीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं.

माझं डोकंच फिरलं. मुंबईहून वर्ध्याला बदलून आलेला क्रीडाशिक्षक मी. या खांबांसाठी वर्षभर क्रीडा अधिकाऱ्यांकडे हेलपाटे घातले होते.

“कोणाला विचारून बांधलंत?”

पहिल्या बैलाचे मालक चंद्रभानजी शांतपणे म्हणाले, “पोळा इथंच भरते, सर. स्टेडियम मागून आलं. फुटबॉलच्या गोलले जाळी, त्यात शिंगं अडकत. यंदा बिनजाळीचे उंच खांब दिसले, त आम्ही समजलो आमच्यासाठीच लावले. क्रीडा सायबाचा सत्कारबी केला.”

“साहेब काही बोलले नाहीत?”

“नाई. नारळ घेतला अन् गेले.”

“अहो, हे रग्बीचे खांब आहेत. बॉल दांडीच्या वरून मारायचा असतो.”

“मंग भांडण काऊन? तुमचा बॉल वरून जाते, आमचे बैल खालून.”

मी मनातल्या मनात नियमपुस्तक चाळलं. खालून कोणी जावं, याबद्दल रग्बीच्या नियमांत काहीच नाही. तेवढ्यात त्यांनी कासरा माझ्या हातात दिला. “धरा जरा, तोरण पाहून येतो.”

कासरा धरून मी माझ्या पोरांना हाक मारायला मागे वळलो. दोन्ही टीम आपापल्या घरच्या बैलांशेजारी रांगेत उभ्या होत्या.