औषधाचा पाव

बेकरी विकून बरीच वर्षं झाली, तरी पहाटे जाग आली की मी अजून पाव भाजल्याचा वास शोधते. मनात रेंगाळतो तो एकच छोटा पाव, वरून अंड्याचा हात फिरवलेला. सासूबाई तो रोज फक्त माझ्यासाठी भाजायच्या आणि मी तो चोरासारखी खायचे.

त्याचं असं झालं. लग्नाला काही वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोघांच्या तपासण्या केल्या. माझ्यात काही उणं नव्हतं. यांच्या शुक्राणूंची संख्या कमी, चालही मंद. "भट्टीसमोर कमी उभे राहा," असं सांगून त्यांनी अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या गोळ्या लिहून दिल्या. "गुण येईलच असं नाही. घेऊन बघा." बाहेर आलो तेव्हा यांचं तोंड एवढंसं झालं होतं. म्हणाले, "आईला कळू देऊ नकोस." मी शब्द दिला.

कपाटात लपवलेली बाटली सासूबाईंच्या हाती लागलीच. "कुणाच्या गं या?" हे दाराशी मान खाली घालून उभे. मी म्हटलं, "माझ्या."

झालं! सासूबाईंनी माझं औषध मनावर घेतलं. त्या तेल भरलेल्या जाडजूड गोळ्या माझ्या घशाखाली उतरेनात, तेव्हा या बाईने गोळी सुईने टोचली, आतलं तेल पिठात मळलं आणि त्याचा पाव भाजला. जन्म भट्टीपाशी गेलेल्या माणसालाच हे सुचावं! जीवनसत्त्वं जळून खाक होत असतील, पण पाव असा की बोटं चाटत राहावीत. यांनी स्वतःसाठी दुसरी बाटली आणून भट्टीमागे लपवली, तर उष्णतेने सगळ्या गोळ्या चिकटून एकच ढेकूळ झालं. तेव्हा रडू यायचं, आता हसू येतं.

एका सकाळी यांच्या आत्याबाई आल्या. आल्या आल्या सासूबाईंना म्हणाल्या, "वहिनी, पुरे झाली औषधं. हिला माहेरी धाडा आणि पोराचं दुसरं बघा. माझ्या नजरेत आहे एक मुलगी."

सासूबाई पीठ मळत राहिल्या. हे ट्रे पुसत होते, ते पुसतच राहिले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं ओठांवर आलं होतं, पण शब्द दिला होता ना! मी हातातला औषधाचा पाव तसाच ठेवून उठले.

तेव्हा हे पुढे आले, तो पाव उचलला आणि सगळ्यांसमोर खाल्ला. "आई, औषध माझं आहे. दोष माझ्यात आहे. हिने माझी लाज राखली."

सासूबाईंनी हातावरचं पीठ झटकलं. "वन्सं, चहा घ्या आणि निघा." मग माझ्याकडे वळल्या. "एवढं ऐकून घेतलंस, पोरी? एका शब्दाने बोलली नाहीस?" आम्ही दोघी तिथेच रडलो.

पुढे यांनी गोळ्या रीतसर घेतल्या, पाण्याबरोबर. मूल झालं नाही ते नाहीच. वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्या दिवसानंतर कुणी विचारलं, की हे माझ्या आधी उत्तर द्यायचे, "माझ्यामुळे नाही झालं." अगदी कुणीही विचारो, लग्नात, दवाखान्यात, दुकानात.

हे गेले त्या वर्षी शेजारी नवीन बाई राहायला आल्या. गप्पांत त्यांनी सहज विचारलं, "मुलंबाळं?"

मी गप्प राहिले, यांनी बोलावं म्हणून.