पारा उतरला म्हणून

आरंभीच एक गैरसमज दूर करतो: मी कोणाच्या काखेत बसत नाही. मी हवेची उष्णता मोजणारा थर्मामीटर आहे. सोलापुरात डॉक्टर दाक्षायणीबाईंच्या दवाखान्याच्या ओसरीवर टांगलेला असतो. तरीही आठवड्यातून एखादा रोगी माझ्यापुढे तोंड उघडून उभा राहतोच.

काचेच्या नळीत फुंकर घालून मला घडवले, असे म्हणतात. मला ते आठवत नाही, म्हणून मी त्याची ग्वाही देत नाही. आठवते ती मुंबईच्या दुकानातली पेटी आणि १९३१ साली डॉक्टरीची परीक्षा देऊन गावी परतणाऱ्या बाईंची ट्रंक. मला टांगण्यापूर्वी बाईंनी तीन भिंतींवर ऊन कुठवर येते ते खडूने आखले आणि मगच उत्तरेकडची भिंत निवडली. अशा मालकिणीकडे खोटे बोलण्याची सोय नसते.

दोन वर्षांनी, मे महिन्यात, मी एकशे नऊ फॅरनहाइटवर असताना कापडाचे व्यापारी गुरुसिद्धप्पा धापा टाकत आले. वय चौपन्न, हृदय अशक्त.

बाई म्हणाल्या, "अंग निववायला रक्त कातडीकडे न्यावे लागते. ते काम हृदयाचेच, आणि तुमचे आधीच थकलेले आहे. दुपारी बाहेर पडू नका."

गुरुसिद्धप्पांनी पथ्य पाळले. वर माझी भक्ती आरंभली. रोज सकाळी येऊन आकडा विचारीत, मला हात जोडीत आणि मगच दुकान उघडीत. मनुष्याला कारण सांगितले की तो त्याचा देव करतो, हे मी तेव्हा शिकलो.

जानेवारीत मी बावन्नवर आलो. गुरुसिद्धप्पा हसतच ओसरीवर आले. मागून त्यांच्या पत्नी ईरम्मा.

"बाई, पारा उतरला, माझा आजारबी उतरला! औंदा यात्रेत नंदीध्वज मीच पेलणार."

सिद्धेश्वराच्या यात्रेतला नंदीध्वज म्हणजे घराहून उंच काठी. ती कमरेशी तोलून चालायची. महिनाभर पहाटे सराव चालतो.

"खोटं बोलताय की!" ईरम्मा म्हणाल्या. "परवा सरावातनं येऊन छाती धरून ओट्यावर कोण बसलं होतं? माझा सासरा?"

"आंघोळ कसल्या पाण्याने करता?" बाईंनी विचारले.

"गारच की. देवाच्या कामाला ऊन पाणी?"

"थंडीने रक्तवाहिन्या आखडतात. अरुंद वाटेतून तेवढेच रक्त ढकलायला हृदयाला अधिक जोर लागतो. त्यावर गार पाणी, त्यावर ते ओझे."

गुरुसिद्धप्पा माझ्याकडे वळले. "वर गेला तरी वाईट, खाली आला तरी वाईट! मग हा हितं कशाला टांगलाय?"

आठ महिन्यांची भक्ती एका वाक्यात संपली. मग त्यांचा आवाज खाली आला. "तीन पिढ्या आमच्या घरात ध्वज पेलतात, बाई. मी नुसता बघत उभा राहू?"

"पुढल्या वर्षी बघायला तरी उभं राहा की," ईरम्मा म्हणाल्या.

मी एक अंश वर चढलो; ते केवळ ऊन वर आल्यामुळे.

संक्रांतीला ध्वज पुतण्या बसवराजने पेलला. गुरुसिद्धप्पा ऊन पाण्याने न्हाऊन, बंडीवर शाल घेऊन त्याच्या बाजूने चालले. दुसऱ्या दिवशी ते सांगायला आले. बाईंनी आधी छातीला नळी लावली, मग हकीकत ऐकली.

"मी उचलला असता तर मेलो असतो का हो?"

"सांगता येत नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण तुम्हाला पणाला लावून मला ते शोधायचे नव्हते."

आता माझे आकडे फिकटले आहेत. पारा शाबूत आहे. गुरुसिद्धप्पा अजून येतात. हात जोडीत नाहीत, नुसते विचारतात, "हृदयाला बरा आकडा कोणता?" तो माझ्या अंगावर कोरलेलाच नाही. हवेचे मला विचारा, अर्ध्या अंशापर्यंत खरे सांगेन. छातीचे छातीलाच विचारा. आणि तिने काही सांगितले, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका.