खडवलीचा पारा

श्रीपाददादाने खडवलीच्या अंगणात हवामान मोजायची पेटी उभी केली, त्या उन्हाळ्यासारखा उन्हाळा मला पुन्हा मिळाला नाही. त्रेपन्न सालची गोष्ट. चार पायांवरची, पांढरी, चहूबाजूंनी झडपा असलेली ती पेटी गावाला देव्हाराच वाटायची. आत पाऱ्याच्या नळ्या होत्या. त्यातली एक दिवसभरातलं सगळ्यात जास्त तापमान धरून ठेवायची. छपरावर पत्र्याचा कोंबडा वारा दाखवायचा. दादा कल्याणच्या शाळेत शास्त्र शिकवायचा, आणि सुटी लागली तरी त्याच्यातला मास्तर काही सुटीवर जात नसे.

पेटी मात्र नुसत्या हौसेची नव्हती. आदल्या वैशाखात प्रमोदिनीवहिनीला ऊन लागलं आणि ती तापाने फणफणली. दादा हबकलाच. डोंबिवलीत तेव्हा नव्या बिल्डिंगा उठत होत्या, तिथल्या घरांत वीज होती, पंखा लावता येई. दादाने जाहीर केलं, "यंदा पारा एकशे आठ फॅरनहाइटच्या वर गेला की खडवली सोडायची. डोंबिवलीला बिऱ्हाड करायचं." किती शास्त्रशुद्ध! जिच्यासाठी घर सोडायचं तिला एकदा विचारावं, हे त्याच्या शास्त्रात बसत नसावं.

वहिनी ठाण्याची. टेंभी नाक्यावर दोन खोल्यांत दहा-बारा माणसांत वाढलेली. स्वतःचं म्हणावं असं अंगण तिला लग्नानंतर इथेच मिळालं. मोगरा, अळू, विहिरीकडेची केळ, सगळं तिने हाताने लावलेलं. ती तोंडाने काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून पेटीकडे सवतीकडे बघावं तशी बघू लागली.

सकाळी ती बाजेवर कुरडया घालायची. कावळे हाकायचं काम माझं, कारण माझं लग्न जमत नव्हतं आणि घरात रिकामं माणूस मी एकटीच. कैरीच्या फोडींचा आंबट वास, कुरडयांचा ओला चीक चाखून बघणं, मधूनच मोगऱ्याची झुळूक. आजही डोळे मिटले की मी तिथे असते.

जेवून दादा ओटीवर आडवा झाला की वहिनी उठायची. विहिरीचं पाणी शेंदून पेटीभोवतीची जमीन भिजवायची आणि चिंब गोणपाट पेटीवर टाकायची. दादा उठायच्या आत गोणपाट माडीवर. चार वाजता दादा पेटी उघडायचा आणि हरखून ओरडायचा, "फक्त एकशे एक! कल्याण भाजून निघतंय आणि आपण बघ!" पुढे त्याने भातसा नदीच्या गार वाऱ्याचा सिद्धान्तच काढला आणि कल्याणच्या मित्रांना ऐकवून आला. मला हसू आवरत नसे. मी वहिनीच्या पक्षाची होते.

शेजारची ठमाबाई कैऱ्या घेऊन यायची. ती एकदा म्हणाली, "वयनी, तुमचा ह्यो द्येव लय पानी पितो बाय!"

"पिऊ दे," वहिनी म्हणाली. "कोपला तर घराबाहेर काढील."

वैशाख सरत आला तशी विहीर खोल गेली. दोर पुरेना, दोन घागरी शेंदल्या की वहिनीला धाप लागायची. मी घागर घ्यायला गेले की म्हणायची, "माझं भांडण आहे, मलाच भांडू दे." अशाच एका दुपारी मी आत ताक घुसळत होते, तेवढ्यात ठमाबाईची हाक आली, "मास्तर, धावा! वयनी पडली!"

दादा अनवाणीच धावला. वहिनी पेटीच्या पायाशी पडली होती, चेहरा लालबुंद. पेटीवर गोणपाट ठिबकत होतं. दादाने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग ते ओढून वहिनीच्या डोक्यावर पिळलं, तिला उचलून आत आणलं. मी तळव्यांना कांदा चोळला. संध्याकाळी तिने पन्ह्याचे चार घोट घेतले, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

"तुला ऊन बाधू नये म्हणून मी एवढं करतोय," दादा म्हणाला, "आणि तू भर उन्हात... मला सांगायचं होतंस ना, जायचं नाही म्हणून!"

"सांगून काय झालं असतं?" वहिनी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "तुम्ही माझं ऐकत नाही. त्या पेटीचं ऐकता. मग मीही तिच्याच तोंडून बोलले."

दादा एरवी एका शब्दाला दहा शब्द देणारा. त्या संध्याकाळी तो उठला आणि पन्ह्याचं रिकामं भांडं विसळायला घेऊन गेला. मला त्याची कीव आली आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेटीवर काही नव्हतं. चार वाजता दादाने झडप उघडली, बराच वेळ वाकून बघितलं, आणि आकडा न सांगताच आत आला. मी मागाहून जाऊन पेटीत डोकावून आले. पारा एकशे दहावर होता. म्हणजे आता डोंबिवली.

दादा वहिनीच्या अंथरुणाशी खाली बसला. परीक्षेला आलेल्या पोरासारखा चाचरत म्हणाला, "अगं, आज... उकाडा कसा वाटतोय तुला?"

वहिनीने कूस बदलून त्याच्याकडे तोंड केलं. तिचे डोळे भरून आले.

"फार आहे हो," ती म्हणाली. "पण इथेच राहू या."

"बरं," दादा म्हणाला, आणि पंखा घेऊन तिला वारा घालत बसला.